कच्चा आवाज

भाकरीचा तुकडा वांग्याच्या रश्शात बुडवून तोंडाशी नेता नेता वनजाक्षीचा हात तिथंच थांबला, कारण समोर टीव्हीत तिनं तोंड उघडलं होतं आणि आतून भलतीच बाई बोलली होती. चेहरा तिचाच. कपाळावरचा विभूतीचा पट्टा, दोन्ही नाकपुड्यांतल्या चमक्या, एक भुवई उचलून समोरच्याला जागच्या जागी बसवायची लकब, सगळं तिचंच. पण आवाज तरुण, गुळगुळीत, नुकत्याच घासलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा. मालिकेतली अभिरामी अम्मा आपल्या थोरल्या मुलाला सांगत होती की मी जिवंत आहे तोवर ह्या घराची वाटणी होणार नाही, आणि ऐकताना वाटत होतं, बँकेतली पोरगी काचेआडून सांगतेय, तुमचं काम उद्या होईल. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, कोट्रप्पानं, चष्मा पुसला, जसं काही चष्म्यानं ऐकू येतं, आणि विचारलं, "वनजे, हे कोण गं?" ती म्हणाली, "मीच की." "ते दिसतंय. बोलतंय कोण?" तिच्या छातीत लक्कन हललं, जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं. "अहो, माझा आवाज गेला," ती म्हणाली. "गेला कसा? बोलतेयस तर." "हा नव्हे हो! माझा, माझा!" असं म्हणून तिनं टीव्हीकडे बोट दाखवलं, आणि मग स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानावर पडल्यावर तिनं ते बोट खाली घेतलं.

कारण टीव्हीतला तो आवाज कधीच तिचा नव्हता. तो तिलकवतीचा होता. वनजाक्षीनं मद्रासेत पाऊल ठेवल्यापासून जेवढ्या मालिका केल्या, जेवढ्या आया, आत्या, सासवा आणि देवीच्या अंगात येणाऱ्या म्हाताऱ्या केल्या, त्या सगळ्यांच्या तोंडून तिलकवती बोलली. हिनं सेटवर ओठ हलवायचे, हातवारे करायचे, रडायचं, आणि मग चार दिवसांनी कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत त्या बाईनं पडद्याकडे बघत तमिळ बोलायचं, शुद्ध, ठसठशीत, तंजावरच्या मातीतलं. वनजाक्षीचं तमिळ म्हणजे बळ्ळारीकडच्या बाईनं बाजारात शिकलेलं तमिळ. चुकत नसे, पण हेल भलतीकडेच उतरत असे. आणि आवाज तर विचारूच नका. नाटक कंपनीतला आवाज तो. बनशंकरीच्या जत्रेत शेजारी शेजारी तीन कंपन्यांचे तंबू लागायचे, मधे पाळणे, पिपाण्या, बैल, आणि त्या सगळ्याच्या वर चढून शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा. बाविसाव्या वर्षीच ती म्हाताऱ्यांची कामं करायला लागली, कारण नायिका व्हायला जे लागतं ते दुसरीकडे होतं आणि हिच्याकडे आवाज होता. कोट्रप्पा पेटी वाजवायचा. तिचा सूर कुठं जाईल ह्याचा भरवसा नसे, म्हणून तो म्हणे पेटी वाजवता वाजवता देवाचं नाव घ्यायचा. त्यातूनच लग्न झालं. मग कंपनी बुडाली, तंबू विकला गेला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं ती मद्रासेत सालिग्राममच्या एका बंगल्यात तमिळ दिग्दर्शकासमोर उभी राहिली. त्यानं चेहरा बघितला, खूष झाला. म्हणाला, बोला काहीतरी. ती बोलली. सगळं युनिट दचकलं, कुणाच्या तरी हातातला चहा सांडला. दिग्दर्शक भला माणूस होता, हसत म्हणाला, "अम्मा, चेहरा देवीचा आहे. पण ह्या आवाजाला माईक नको, तंबू पाहिजे." सगळे हसले. तीही हसली. मोठ्यांदा हसली, म्हणून पुन्हा सगळे हसले. त्या हसण्यात काय गेलं ते तिला त्या दिवशी कळलं नाही. घरी आल्यावरही नाही. हळूहळू, वर्षा-वर्षानं कळत गेलं.

म्हणजे असं, की वडपळनीच्या देवळात बायका तिच्या पाया पडायला येत. "अभिरामी अम्मा!" म्हणत हात धरत, डोळ्यांत पाणी आणत, सुनेचं गाऱ्हाणं सांगत. आणि हिनं "बरं होईल हो सगळं" एवढं म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. एक बाई तर सरळ म्हणाली, "अय्यो, तुम्ही नुसत्या दिसताय तिच्यासारख्या!" तेव्हापासून वनजाक्षी बाहेर बोलेनाशी झाली. नुसते हात जोडायचे, मान हलवायची, मंद हसायचं. लोक म्हणाले, केवढी भारदस्त बाई, एक शब्द वाया घालवत नाही. साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं तेव्हा तिनं फीत कापली आणि मालकानं आधीच भरून आणलेला तिलकवतीचा आवाज कर्ण्यावर लावला. ही आपली पुतळ्यासारखी उभी. भाजीवाल्याशी भाव करायला कोट्रप्पा जायचा. ह्यात दुःख होतं असं तरी कसं म्हणावं? खाऊन-पिऊन सुखी होती. पण स्वप्नात ती तिलकवतीच्या आवाजात बोलायची. भांडणातसुद्धा ऐन रागात तिचं तोंड तिलकवतीसारखं वळायचं, आणि कोट्रप्पा म्हणायचा, "बाईसाहेब, तमिळ नको, भांडण घरच्या भाषेत करा." आणि होसपेटला आई गेली तेव्हा. सगळ्या बहिणी गळ्यात गळा घालून रडत होत्या, हीही रडली, पोटातून रडली, आणि त्या रडण्याच्या अगदी मधोमध तिच्या मनात आलं की तिलका हे जास्त चांगलं रडली असती. ह्याची तिला इतकी लाज वाटली की ती एकदम थांबली. बहिणींना वाटलं, नटी आहे, दुसऱ्यांसाठी रडून रडून हिचे डोळे आटले.

दुसऱ्या दिवशी सेटवर तिनं इळंगोला गाठलं. इळंगो म्हणजे मालिकेचा दिग्दर्शक. तिच्या मुलाच्या वयाचा, सदा घाईत, एका हातात इडली आणि दुसऱ्या हातात उद्याचा प्रसंग. "तिलका अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं ना," तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नाही? साठवलेले भाग होते तोवर चाललं. आता आवाज काही परत येत नाही म्हणतात. ही नवी पोरगी चार दिवस बघू, नाही जमली तर दुसरी." वनजाक्षी उभीच होती. कुणीतरी तिच्या पदराला पिन लावत होतं. तिला वाटलं, आपल्या अंगातलं एक माणूस आजारी पडलं आणि आपल्याला शिंकसुद्धा आली नाही. "मला पत्ता दे तिचा," ती म्हणाली. इळंगोनं मान वर केली. "कशाला अम्मा?" खरंच, कशाला? इतक्या वर्षांत एकदाच काय ती गाठ पडली होती, कुणाच्याशा लग्नात, पंगतीत. दोघी एकमेकींना बघून इतक्या अवघडल्या की केळीच्या पानावरचं जेवण संपेतो पायसम चांगलं झालंय ह्यापलीकडे बोलणं गेलं नाही. नवऱ्याच्या पहिल्या बायकोशी बोलावं तसं ते बोलणं.

कोडंबाक्कमला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिलकवती राहत होती. दार तिनंच उघडलं. अंगात गाऊन, त्यावर खांद्यावरून घेतलेला टॉवेल, गळ्याला मऊ फडकं, आणि चेहऱ्याच्या मानानं फारच मोठा चष्मा. एवढीशी बाई. वनजाक्षीच्या मनातल्या तिलकवतीची उंची निदान दाराएवढी होती. "या," ती म्हणाली, आणि ते "या" म्हणजे नुसता वारा होता, खाली शब्दाची बारीकशी खूण. वनजाक्षी सोफ्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. कॉफी आली, ती फिरवत बसली. आणलेली संत्री पिशवीतून काढून एक-एक करून टीपॉयवर मांडली. शेवटी म्हणाली, "अक्का, मला कुणी सांगितलं नाही." तिलकवतीनं हातानंच म्हटलं, राहू द्या. मग ती जवळ सरकली, कारण त्या वाऱ्याला फार लांब जाता येत नव्हतं, आणि म्हणाली, "मोठ्यानं बोला. किती दिवसांत ऐकला नाही." "काय?" "तुमचा आवाज."

वनजाक्षीला आधी कळलंच नाही. मग तिलकवतीनं कानांवर दोन्ही तळवे ठेवून दाखवलं. सेटवर जे बोललं जातं त्याचा कच्चा आवाज उचललेला असतो. आजूबाजूचे पंखे, कावळे, कुणाचं खोकणं, सगळ्यासकट. तो हेडफोनमधून कानात सोडतात. तो ऐकायचा, पडद्यावरचे ओठ बघायचे, आणि त्याच्यावर आपला आवाज चढवायचा. मग खालचा पुसून टाकतात. "रोज," तिलकवती म्हणाली. "सतरा वर्षं. माझ्या नवऱ्याचं बोलणं मी एवढं ऐकलं नाही बाई. तुम्हाला सर्दी झाली की मला आधी कळायचं. तुम्ही जेवून उभ्या राहिलात की न जेवता, ते कळायचं. तुमची आई गेली त्या आठवड्यात तुम्ही कामावर आलात, विनोदी प्रसंग होता, मी मधेच हेडफोन काढून ठेवला. म्हटलं, मला नाही ऐकवत." वनजाक्षीच्या डोळ्यांसमोर तो सगळा काळ उभा राहिला: आपण बोलतोय आणि आपलं बोलणं पुसलं जातंय, पाटीवरचं पुसावं तसं, असं आपण धरून चाललो, आणि पुसण्याआधी हे एवढंसं माणूस अंधारात बसून ते सगळं कान देऊन ऐकत होतं. तिला रडू आलं, आणि तिनं ते अडवलं नाही.

"आणखी एक सांगायचंय," तिलकवती म्हणाली आणि संत्रं सोलायला लागली, म्हणजे वनजाक्षीकडे बघायला नको. "धाकटा मुलगा समुद्रात बुडतो, तुम्ही वाळूत बसून रडता. आठवतं?" न आठवायला काय झालं! त्या रडण्यानं अभिरामी घराघरात गेली. लोक अजून त्याची नक्कल करतात. वनजाक्षी स्वतः तो भाग बघताना म्हणाली होती, ही तिलका काय रडलीय हो, धन्य आहे. "ते मी नाही," तिलकवती म्हणाली. "मी केलं. चारदा केलं. तुमचं कानात यायचं आणि माझं त्याच्यापुढं चिल्लर वाटायचं. मग इंजिनियरला म्हटलं, शब्द माझे घे, रडणं हिचंच राहू दे. त्यानं लाटा-बिटा साफ केल्या आणि ठेवलं." खोलीत पंखा कुरकुरत होता. वनजाक्षीला आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो राग. धडाधड चढला. "आणि हे तुम्ही आज सांगताय? मी आईसाठी रडताना लाजले हो! मला वाटलं मला रडता येत नाही! एक फोन करता आला नाही तुम्हाला?" तंबूतला आवाज होता तो, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. तिलकवतीनं संत्र्याची फोड तिच्यापुढं धरली. "केला असता," ती म्हणाली. "पण मग माझं काय उरलं असतं? चेहरा तुमचा. रडणंही तुमचंच म्हटल्यावर मी कोण?" खरं बोलणाऱ्या माणसावर रागावून तरी किती वेळ बसणार? वनजाक्षीनं ती फोड घेतली. आंबट होती. तिनं खाल्ली. "आता माझं गेलंच आहे," तिलकवती पुढं म्हणाली, "मी त्या इळंगोला म्हटलं, नवी पोरगी कशाला शोधतोस, जिचं तोंड तिलाच बोलू दे. तो हसला. तुम्ही विचारा. तुम्ही विचारलंत तर नाही म्हणायला त्याला थोडा वेळ लागेल."

विचारायचं म्हणजे काय, हे दिवसभर तिच्या अंगात हिंडत राहिलं. साठीच्या घरातली बाई, चार पैसे गाठीला, नाव आहे, नमस्कार आहेत. विचारलं आणि पुन्हा सगळे हसले तर? ह्या वेळी तिला त्यांच्याबरोबर हसता आलं नसतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आणि न विचारता राहिलं तर एक-एक पोरगी येईल, चार-चार दिवस तिच्या तोंडातून बोलेल, आणि ही मरेल तेव्हा तिच्या चेहऱ्याच्या हजार तासांत तिचा म्हणून एक हुंदका असेल, वाळूतला. कोट्रप्पाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात एवढं काय? जा की. मला तरी ह्या घरात आयुष्यभर एकच आवाज ऐकू आलाय, तोही पहाटेपासून." मग थोड्या वेळानं, पेपरमागून, "चांगला आहे," असं म्हणाला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. कौतुकाचं हे पहिलंच वाक्य असावं.

इळंगो हसला नाही. त्यानं कपाळ खाजवलं. "अम्मा, वाईट वाटून घेऊ नका. लोकांना तो आवाज म्हणजेच तुम्ही आहात. तुम्ही स्वतः बोललात तर लोकांना खोटं वाटेल." ती म्हणाली, "एक प्रसंग दे. एकच. नाही आवडला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही." तो म्हणाला, "तोंड तर उघडावंच लागेल अम्मा, पगार त्याचाच आहे," आणि आपल्याच विनोदावर खूष होऊन हो म्हणून गेला.

डबिंगची खोली तिनं जन्मात पहिल्यांदा बघितली. भिंतींना काळा स्पंज, मधे माईक, समोर पडदा, आणि काचेपलीकडे इळंगो, इंजिनियर भास्करन, आणि कोपऱ्यात खुर्चीच्या काठावर टेकलेली तिलकवती. तिला वनजाक्षीनंच ओढून आणलं होतं. प्रसंग साधा. सून घर सोडून निघालीय, हातात पिशवी, आणि अभिरामी दारात उभी राहून म्हणते, जा, अडवत नाही, पण जेवून जा. हेडफोन कानांवर आला आणि पडद्यावर तिनं तोंड उघडलं. आतून ती स्वतः बोलली. पंखा, कावळे, आणि ती. वनजाक्षी ऐकतच राहिली. भास्करन म्हणाला, "अम्मा, ऐकायचं नाही, बोलायचं." दुसऱ्यांदा ती बोलली ती सवयीनं शेवटच्या रांगेला, भास्करननं "अय्यो!" म्हणत कानांवरचं फेकून दिलं. इळंगोनं घड्याळ बघितलं. आणि तिसऱ्यांदा, घाबरून, घाम फुटून, तिनं जे केलं ते एखादी नटीच करू जाणे. ती तिलकवतीच्या आवाजात बोलली. हुबेहूब. तेच वजन, तोच तंजावरी ठसका, वाक्याच्या शेवटी तोच किंचित थांबलेला श्वास. इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून काय फुकट गेली होती?

इळंगो खुर्चीतून उठलाच. "अम्मा! अहो हेच पाहिजे! देवाला शोधत गावभर फिरलो आणि देव घरात! कुणाच्या बापाला कळणार नाही. भास्करन, ठेव हे. अम्मा, सोमवारपासून तुम्हीच." काचेपलीकडे सगळे हसत होते, आनंदानं. आणि वनजाक्षीच्या लक्षात आलं की बस्स, झालं. हवं होतं ते मिळालं. नुसती मान हलवायची. पुन्हा कुणी पोरगी येणार नाही, तोंड तिचं, बोलणार ती, कागदोपत्री सगळं खरं. तिनं तिलकवतीकडे बघितलं. ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. चष्मा काढून तिनं मांडीवर ठेवला होता, आणि चष्म्याशिवाय तो चेहरा अगदी उघडा पडला होता, आपलीच साडी दुसरीच्या अंगावर बघणाऱ्या बाईचा. तेव्हा वनजाक्षीला स्वच्छ कळलं की हा आवाज तिलकेचा आहे, तिच्यापाशी आता नसला तरी तिचाच आहे, आणि तो वापरायचा नाही. "पुसा ते," ती म्हणाली. इळंगो म्हणाला, "काय?" "पुसा म्हणते ना! आणि परत लावा."

मग ती माईकच्या जवळ गेली, इतकी जवळ की ओठांना त्याची जाळी लागेल. शेवटची रांग सोडून दिली. ती पोरगी पिशवी घेऊन उभी होती, हातभर अंतरावर, तिच्याशी बोलायचं होतं. मोठा आवाज लहान करून बोलली तेव्हा तो फाटला, खरखरला, तमिळ बळ्ळारीच्या वाटेनं जरा वाकडं गेलं. "जा. अडवत नाही," ती म्हणाली. "जेवून जा." आणि कानातल्या वनजाक्षीनं तिथं एक श्वास घेतला होता, सेटवर, आपण घेतलाय हेही तिला माहीत नव्हतं, ह्या वनजाक्षीनंही तो तिथंच घेतला. दोन्ही एकावर एक बसले. पडद्यावरची सून दारातून मागं फिरली.

काचेपलीकडे भास्करन यंत्राकडे न बघता पडद्याकडे बघत होता. इळंगोनं मान खाली घातली, मग वर केली. "चॅनेलवाले बोंबलतील," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "बोंबलू देत. दोन दिवस बोंबलतील. आधीचं पुसलंस ना, भास्करन? बरं केलंस." मग त्यानं बोलायचं बटण दाबलं आणि जरा रागानंच विचारलं, जसं काही कुणी त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं, "अम्मा, हा आवाज होता तरी कुठं इतकी वर्षं?"

तिलकवती उठली. इळंगोचं बोट बाजूला करून तिनं स्वतः बटण दाबलं, तोंड खाली नेलं, आणि तिचा तो उरलासुरला वारा वनजाक्षीच्या दोन्ही कानांत भरला. "माझ्याकडे."

वनजाक्षीला हसू फुटलं. साधंसुधं नव्हे, पार बनशंकरीच्या तंबूतलं, पाळणे आणि पिपाण्यांच्या वर जाणारं, काच थरथरवणारं हसू. भास्करन दोन्ही हात हलवत ओरडला, "अम्मा, अम्मा, माईक चालू आहे!"

"असू दे की!" ती म्हणाली.